दुसरी हाक डोंगराची

पहिली हाक वाऱ्याची, बाई, तिला ओ नको
दुसरी हाक डोंगराची, मागं वळून पाहू नको
तिसरी हाक माणसाची, तिला मात्र चुकू नको

हे शरयूच्या आईचं गाणं. गाणं कसलं, ताकीद होती ती; पण आई ती वेणी घालताना म्हणायची, म्हणून गाणं झालं. पहिल्या ओळीला पहिला पेड, दुसरीला दुसरा, आणि तिसऱ्या ओळीला तिसरा पेड असा करकचून ओढायची की डोळ्यांत पाणी यावं. धुरजाईच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. वर्षातले सहा महिने डोंगराचं डोकं धुक्यात. त्या धुक्यात डोंगर माणसाच्या आवाजाची नक्कल करतो, आपल्याच माणसाच्या गळ्यातून आपल्याला बोलावतो, आणि आपण ओ देऊन त्या बाजूला पाऊल टाकलं की तिथे कडा असतो, असं गाव मानायचं. त्याला उपाय एकच. थांबायचं आणि मोजायचं. डोंगराला दोनच हाका मारता येतात. तिसरी मारायला माणसाचा ऊर लागतो.

आई जाऊन एकवीस वर्षं झाली. शरयू साठीला आली, केस वेणी घालण्याइतके उरले नाहीत. तरी कुठे धुकं दिसलं की तिच्या मानेवर कुणीतरी पेड ओढल्यासारखं होई, आणि आईचा आवाज कानाशी येई, आत्ताच चुलीपुढून उठून आल्यासारखा.

आज सकाळपासून धुकंच धुकं होतं.

गाडी सावनी चालवत होती. सावनी म्हणजे शरयूच्या धाकट्या भावाची, सौमित्रची, एकुलती एक लेक. नागपुरात आजोळी वाढली, तिथून शिकायला अमेरिकेत आली, सिॲटलजवळ नोकरीला लागली, आणि आता तिला सातवा महिना चालू होता. सासूबाई बाळंतपणाच्या वेळी पुण्याहून यायच्या होत्या. आई, मीनाक्षी, मागच्याच वर्षी गेली. तेव्हा डोहाळजेवणाला माहेरचं माणूस हवं म्हटलं तर उरली एकटी आत्या. शरयू अमेरिकेतच, दूरच्या नेपरव्हिलला मुलाकडे राहते. मुलाने, ईशानने, तिकीट काढून दिलं, आणि ती हिरवी साडी, खणाचं झबलं आणि डबाभर करंज्या घेऊन विमानाने आली.

रविवारी बायका जमल्या. ओटी भरली, फुलांचे दागिने घातले, पेढा की बर्फी झालं. नाक कुणावर जाईल, रंग कुणावर जाईल, यावरून चेष्टा रंगली. मग कुणीतरी विचारलं, डोहाळे कसले लागलेत गं? सावनी म्हणाली, डोंगराचे. सगळ्या हसल्या. नागपूरची पोर आणि डोंगर, असं एकीने चिडवलं. दुसरी म्हणाली, यार, तू चिंचा माग, त्या निदान इंडियन स्टोअरमध्ये मिळतात. सावनीही हसली, पण शरयूकडे बघून. शरयूच्या हातातलं ओवाळणीचं तबक जरासं कललं.

पण डोहाळे मोडू नयेत. मोडले तर बाळाचा कान फुटतो म्हणतात. एकोणतीस वर्षांत जिने कुठल्या टेकडीवर पाऊल ठेवलं नव्हतं, ती शरयू बुधवारी सकाळी निमूटपणे गाडीत बसली आणि पट्टा लावला.

ज्या देवळात निघाल्या होत्या ते डोंगराचं देऊळ. सावनीच्या ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीने पत्ता दिला होता. जपानातल्या एका थोर डोंगराची देवी, तिला कुणी भाविकांनी समुद्र ओलांडून इकडे आणलं आणि इथल्या बर्फाच्या डोंगरासमोर बसवलं. बाळंतिणींची राखण करते. नवऱ्याने संशय घेतला तेव्हा पेटत्या घरात बसून तिने तीन मुलगे जन्माला घातले आणि स्वतः सुखरूप राहिली, असं तिचं माहात्म्य. ते ऐकून शरयू म्हणाली, म्हणजे हिच्याही नशिबी आगच. आणि मग तिला वाटलं, आपल्याकडच्या देवीही अशाच तर येतात, भक्ताच्या पाठोपाठ, दूरच्या गडावरून. भक्ताने मागे वळून पाहिलं की तिथेच थांबतात. इतक्या लांब येईपर्यंत यांच्यातल्या कुणीच मागे वळून पाहिलं नसेल का?

हायवे सोडून गाडी दोन पदरी रस्त्याला लागली. वायपर चालू होते, पाऊस मात्र नव्हता. निमिषचा, तिच्या नवऱ्याचा, आज ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता म्हणून तो आला नाही, हे सावनीने दुसऱ्यांदा सांगितलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आत्या, क्लिनिकमध्ये एक फॉर्म भरायचा असतो. फॅमिली हिस्टरी. डायबेटिस आहे का, बीपी आहे का. त्यात खाली एक कॉलम होता. घरात कुणी आत्महत्या केली आहे का."

शरयू वायपरकडे बघत राहिली.

"मी यस केलं," सावनी म्हणाली. "मग एक बाई फोन करून विचारायला लागली, तुला कधी तसं वाटतं का. मी नाही म्हटलं. पण आत्या, फोन ठेवल्यावर मला वाटलं, बाबांनाही ते जायच्या दोन वर्षं आधी कुणी विचारलं असतं तर ते पण नाहीच म्हणाले असते ना?"

काहीतरी बोलायला हवं होतं. शरयू म्हणाली, "गाडी सांभाळून चालव, बाळा." आणि तिचीच तिला लाज वाटली.

कारण सावनीला जे ठाऊक नव्हतं ते जगात एकट्या शरयूला ठाऊक होतं.

शहाण्णव साल. नवरात्रातली अष्टमी, डोंगरावर जाऊन धुरजाईची ओटी भरायचा दिवस. सौमित्रची पुण्यातली कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते. मूळचा बडबड्या माणूस, तो मुका झाला होता. धुरजाईच्या पायथ्याशी त्याचं आणि मीनाक्षीचं वाजलं. कशावरून, तर मुलीला वर न्यायचं की नाही यावरून. पण नवरा-बायकोचं भांडण ज्यावरून सुरू होतं त्याच्यावरच थोडं संपतं? जाता जाता सौमित्र म्हणाला, मी सुटलो की तुम्हीही सुटाल. चार माणसांनी ऐकलं. तो तरातरा पुढे गेला. मीनाक्षी दोन वर्षांच्या सावनीला मांडीवर घेऊन खालीच बसली. शरयू ओटीचं ताट सांभाळत मागून एकटी चढत राहिली.

निम्म्या वाटेवर धुकं उतरलं. इतकं, की हातातलं ताट दिसेना. शरयू एका दगडाला टेकून उभी राहिली. तेव्हा डावीकडून, खालून, हाक आली.

"अक्का."

आवाज सौमित्रचा. पण सौमित्र तर पुढे गेलेला, वर. आणि हाक कड्याच्या बाजूने, खालून. आईची शिकवण हाडात मुरलेली. ओठांवर आलेली ओ शरयूने गिळली. जराशाने दुसरी हाक आली. त्या दुसऱ्या हाकेत नुसतं 'अक्का' नव्हतं, पुढे आणखी चार शब्द होते. ते शब्द तिने त्यानंतर कधी स्वतःशीसुद्धा उच्चारले नाहीत. श्वास रोखून ती तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिली. ताटातलं निरांजन विझलं. तिसरी हाक आली नाही. म्हणजे डोंगरच, असं मनाशी म्हणत तिने देवीचं नाव घेतलं आणि मागे न पाहता वर चढून गेली. देवळात सौमित्र नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो घळीत सापडला. घसरला की उडी टाकली, हे सांगायला कुणी नव्हतं; आणि पायथ्याचं ते वाक्य सांगायला चार जण होते. पोलीस पाटलाने विचारलं, बाई, काही ऐकलं का? शरयू म्हणाली, नाही. मग आईने विचारलं. हाक आली होती आणि तुझ्या गाण्यापायी मी ओ दिली नाही, हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगायचं? शरयू तिलाही नाहीच म्हणाली. आईने त्या दिवसापासून ते गाणं म्हणणं सोडलं. बहुतेक तिला कळलं होतं. पुढे आई गेली. तेव्हा तरी मीनाक्षीला सांगता आलं असतं. पण उशिरा सांगितलेल्या खऱ्याला आधी उशिराचा जाब द्यावा लागतो. दर दिवाळीला नागपूरला फराळाचा डबा जायचा. चकल्या, शेव, अनारसे. तेवढी एक गोष्ट त्यात कधी गेली नाही. भांडण आपलं म्हणून उडी त्याची, हे मीनाक्षी शेवटपर्यंत उराशी धरून बसली, आणि जाताना तिने ते लेकीच्या पदरात टाकलं.

आणि आता ते एका फॉर्मवर चढलं होतं. उद्या पोटातल्या जीवाच्या कपाळी चढणार होतं.

गाडी खडीच्या वाटेला लागली आणि थांबली. आवारात एक जुना पिकअप ट्रक तेवढा उभा होता. दोन्ही बाजूंना सीडरची झाडं, त्यांच्या फांद्यांवरून करडं शेवाळ लोंबत होतं, ओल्या जटांसारखं. खाली कुठेतरी नदी वाहत होती. पण तिचा आवाज एका जागी राहत नव्हता. आधी उजवीकडून आला, मग पाठीमागून, मग अगदी पायांखालून. शरयूने शाल डोक्यावरून घेतली.

वाटेच्या तोंडाशी लाकडी कमान होती. दोन उभे खांब, वर दोन आडवे ओंडके, बस. ना भिंत, ना दार. तरी तिच्यातून आत जाताना उंबरा ओलांडल्यासारखं वाटलं. सावनीने वाकून नमस्कार केला आणि आत्याचा हात धरला. वाटेच्या मधून चालायचं नाही, ती म्हणाली. कडेकडेने चालायचं. मधली वाट देवाची असते.

दोघी कडेने चालू लागल्या. मधली वाट मोकळी, ओली, स्वच्छ. खडीवर पावलं वाजत होती. सावनीची जड, सावकाश. शरयूची हलकी, फरपटणारी. दम खायला सावनी थांबली, शरयूही थांबली. खडी आणखी एकदा वाजली.

सावनीला ते जाणवलं नाही. शरयूने बाजूला पाहिलं नाही. मोकळ्या वाटेकडे पाठ होईल अशी ती जरा वळली आणि भाचीला हळूच पुढे सरकवलं.

दगडी कुंडातल्या पाण्याने हात धुतले. आधी डावा, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ. पाणी इतकं गार की दाढा ठणकल्या. पुढे अंगणात एक बाई दाताळ्याने पानं गोळा करत होती. सत्तरीची असेल, अंगात पांढरा झगा, त्यावर आकाशी घेरदार वस्त्र, आणि पायांत रबरी गमबूट. तीच तिथली पुजारीण. सावनीचं पोट बघून तिने दाताळं झाडाला टेकवलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला, सावनीला एक, आणि मग जरा खाली, पोटाला वेगळा. सावनीला हसू आलं. शरयूलाही बरं वाटलं. गमबूट घातलेल्या देवळात फार भ्यायचं कारण नाही, असं तिने मनाशी म्हटलं.

देऊळ लाकडाचं, रंग नसलेलं. पायऱ्या चढून गाभाऱ्यापाशी गेल्या तर गाभारा रिकामा. मूर्ती नाही, तांदळा नाही, फोटो नाही. दोन बाजूंना हिरव्या डहाळ्या, पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या, आणि मधोमध, जिथे देव असायचा, तिथे मागची भिंतच नव्हती. चौकट होती आणि चौकटीत धुकं.

"देव कुठाय?" शरयूने विचारलं.

पुजारीण इंग्रजीत सावकाश बोलत होती, शरयूला निम्मं कळत होतं, उरलेलं सावनी सांगत होती. देव तोच, डोंगर. हवा स्वच्छ असली की पांढरं शिखर या चौकटीत बरोब्बर बसतं. इथले मूळचे लोक या डोंगराला निराळ्या नावाने हाक मारायचे, ते नाव आम्हाला नीट उच्चारता येत नाही, म्हणून आधी त्यांची माफी मागतो आणि मग पूजेला लागतो. आज दिसत नाही, पण आहे. आपल्याला तो दिसत नसला तरी त्याला आपण दिसतो.

शरयूने त्या चौकटीकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. धुकं बाहेर होतं तसं ते नव्हतं. बाहेरचं सरकत होतं. चौकटीतलं जागच्या जागी होतं, कुणीतरी श्वास धरून उभं असावं तसं.

मग पूजा. एक नाणं पेटीत टाकायचं, जाड दोर हलवून घंटा वाजवायची, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, मागायचं ते मनात मागायचं, पुन्हा एकदा वाकायचं. सावनीने तसं केलं. तिच्या दोन टाळ्या धुक्यात गेल्या, आणि जरा वेळाने दोन टाळ्या परत आल्या. पडसाद म्हणायचा. फक्त तो वेळ जरा जास्त लागला, जाऊन, बघून, विचार करून आल्यासारखा.

शरयूची पाळी आली. तिने दोन टाळ्या वाजवल्या आणि हात तसेच उचललेले राहिले. सवयीने ती तिसरीसाठी थांबली होती. परत काहीच आलं नाही.

"दोनच?" तिने सावनीला विचारलं. "विचार तिला. तिसरी वाजवायची नाही का? दोन टाळ्यांवरून त्याला कसं कळणार, खरंच कुणी माणूस आलंय म्हणून?"

सावनीला गंमत वाटली. तिने विचारलं. पुजारीण हसली नाही. शरयूकडे पाहत दोन वाक्यं बोलली. त्यातलं पहिलं शरयूला भाषांतराविनाच समजलं. सावनीने तरीही सांगितलं.

"ती म्हणते, ऐकणाऱ्याला पहिलीच ऐकू येते. दुसरी आपल्या धिरासाठी असते."

पुजारीण पुन्हा पानं गोळा करायला गेली. शरयूच्या मानेवर तिसरा पेड कुणीतरी ओढून धरला आणि सोडलाच नाही.

देवळाच्या बाजूला एक लाकडी मांडव होता, त्यावर तळहाताएवढ्या लाकडी पाट्या टांगलेल्या. ज्याला जे मागायचं ते त्याने पाटीवर लिहायचं आणि टांगून जायचं. जपानी, इंग्रजी, स्पॅनिश, कुठली कुठली अक्षरं. सावनीने एक पाटी घेतली. बाकावर बसून, पोटाला अडत, तिरकी होऊन ती बराच वेळ लिहीत होती. लिहिलं किती, तर एक ओळ. पाटी टांगली आणि पाण्याची बाटली आणायला ती गाडीकडे गेली. कडेकडेने, शिकवल्याप्रमाणे.

दुसऱ्याचं मागणं वाचू नये. शरयूने वाचलं नसतंही. पण वारा नसताना पाट्या खडखडल्या, एकावर एक आपटत टोकापर्यंत आवाज गेला, आणि थांबल्या तेव्हा सावनीची पाटी वळून तिच्यासमोर होती. साऱ्या परक्या अक्षरांत तेवढं एक मराठी.

माझं बाळ माझ्या बाबांवर जाऊ नये.

शरयूने मांडवाचा खांब धरला.

रविवारी त्या बायका विचारत होत्या, नाक कुणावर जाईल. सौमित्रचं नाक. धारदार, टोकाशी किंचित वाकडं, सावनीचंही तेच. शीळ घालायचा तो. कणसं भाजायला बसला की घरभर माणसं जमायची. वर जाताना पायथ्याशी रागावून गेला खरा, पण चार पावलांवरून परत फिरून सावनीच्या मुठीत बत्तासा कोंबून मग गेला. हे मीनाक्षीला आठवायचं नाही. त्या माणसाचं या पोरीकडे काय उरलं होतं? फॉर्मवरची एक खूण आणि ही पाटी. आणि हे सगळं कुणी केलं? त्याने नव्हे. डोंगराने नव्हे. मोजत उभ्या राहिलेल्या एका बाईने.

सावनी परत येत होती. कमानीपाशी तिची हिरवी शाल दिसली, धुक्यात अर्धी. अंगणात दाताळ्याचा आवाज चालू होता, खर्र, खर्र.

आणि मग चौकटीच्या बाजूने, खालून, डावीकडून हाक आली.

"अक्का."

जगात आता तिला अक्का म्हणणारं कुणी नव्हतं. ईशानची ती आई, सुनेची ती मम्मी, नेपरव्हिलच्या पोरांची ती काकू, या मुलीची ती आत्या. ते नाव एका गळ्याबरोबर घळीत गेलं होतं. आवाज म्हातारा झाला नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा आवाज, चढून दमलेल्या माणसाचा.

पहिली हाक वाऱ्याची, आई म्हणाली. बाई, तिला ओ नको.

सारं अंग थांब म्हणत होतं. मानेवरचा पेड असा ताणला की डोळ्यांत पाणी आलं, लहानपणी यायचं तसंच. शरयूने जन्मभर ऐकलं होतं आईचं. खांबावरचा हात सोडून ती चौकटीसमोर आली आणि तिने पडवीत उभं राहून हाक घ्यावी तशी, गळा मोकळा सोडून, ओ दिली.

"ओ. सौमित्र, ओ. इथंच आहे रे मी."

दाताळं थांबलं. पुजारीण धुक्याकडे तोंड करून उभी होती. तिने कुणी ओळखीचं अंगणात आल्यासारखं कमरेत वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ ती तशीच वाकलेली राहिली. नदीचा आवाज एका जागी आला, खाली, जिथे नदी असायला हवी तिथे. दुसरी हाक आली नाही. शरयूने वाटही पाहिली नाही.

सावनी पायरीशी उभी होती. तिच्या हातातली बाटली कलली होती आणि पाणी सांडत होतं, ते तिच्या लक्षात नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "तू कुणाला ओ दिलीस?"

शरयूने तिच्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं. तिला बाकावर बसवलं. स्वतः मात्र बसली नाही. हे बसून सांगायचं नव्हतं. मांडवापाशी जाऊन तिने ती पाटी उतरवली आणि सावनीच्या मांडीवर ठेवली, अक्षरं खाली करून.

"ही घरी ने. नाहीतर चुलीत घाल. आणि मी सांगते ते झाल्यावर माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी उद्या जाईन. पण त्या फॉर्मवरची खूण पुसून ये."

"काय बोलतेस तू?"

"त्या दिवशी मी वाटेवर होते. तुझ्या बाबांपासून हाकेच्या अंतरावर. पोलीस पाटलाला मी सांगितलं, काही ऐकलं नाही. तुझ्या आजीला तेच सांगितलं. तुझ्या आईला अठ्ठावीस वर्षं तेच सांगितलं. ते खोटं होतं, सावनी. मी ऐकलं होतं. त्याने मला दोनदा हाक मारली आणि मी ओ दिली नाही. तिसरीची वाट बघत राहिले. माझ्या आईने तसं शिकवलं होतं म्हणून. मग मी निघून गेले."

सावनीचा हात पोटावर होता, तो जिथल्या तिथे राहिला.

"पहिल्यांदा नुसतं अक्का म्हणाला. दुसऱ्यांदा..."

शरयू चौकटीकडे वळली. धुकं आता सरकत होतं, बाहेरच्या धुक्यासारखं, साधं. तिने ओठ ओले केले आणि एकोणतीस वर्षांपूर्वीचे ते चार शब्द, त्याच चालीत, तेवढ्याच घाईने, त्याच्या लेकीच्या हवाली केले.

"दुसऱ्यांदा म्हणाला, अक्का, थांब गं, मी आलोच."